चिनी चित्रावरचं कुंकू

आई,

तुझं चिनी चित्र म्युझियममध्ये लागलं नाही. लागायचं ठरलं होतं, जागाही नक्की झाली होती, आणि ऐन वेळी मीच नको म्हटलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगावं म्हणून लिहायला बसले. दुसरं कोण सांगणार म्हणा. तुला ओळखणारी माणसं आता इकडे कमी आणि तुझ्याकडेच जास्त आहेत. पण त्यांच्यातलं कुणी नुकतंच तिकडे आलेलं असेल आणि त्याने इंदूरच्या पेपरातली बातमी वाचलेली असेल, तर तू विचारशील, 'आमचं चित्र होतं का गं त्यात?' आणि तो नाही म्हणेल. म्हणून आधी माझ्याकडून ऐक.

मी शाळेत होते तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण त्या चित्राबद्दल विचारायचा, कारण आपल्या दोन खोल्यांत त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. गणपतीचं कॅलेंडर, आजोबांचा फोटो, शिलाई मशीन, पाण्याची टाकी, गाद्यांचा ढीग, आणि त्या सगळ्यात छतापासून जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबणारा तो लांबोडका कागद. खाली एक खडक, खडकातून निघालेली वाकडी फांदी, फांदीवर दोन पक्षी, आणि वर नुसता कोरा कागद. बाबांच्या आजोबांनी तो आणला होता. ते होळकरांच्या खासगीकडे कारकून होते. महाराजांबरोबर ते थेट चीनला गेले होते अशी घरात बढाई होती. बाबा म्हणायचे, आजोबा खंडव्याच्या पुढे कधी गेले नाहीत, वाड्यातलं सामान निघालं तेव्हा दोन मोडक्या खुर्च्यांबरोबर हेही कुणीतरी त्यांच्या गळ्यात मारलं असेल. पुढे ते ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत पडून होतं. तू लग्न होऊन आलीस आणि बाहेर काढून खिळ्याला लावलंस. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, 'हे काय अर्धवट चित्र?' तू म्हणालीस, 'राहू द्या, रंग संपला असेल बिचाऱ्याचा.' पक्ष्यांना तू साळुंक्या म्हणायचीस. नंतर नंतर तुला ती वरची कोरी जागाच आवडायला लागली. स्वयंपाक आटोपून, पदराला हात पुसत, तू तिच्याकडे बघत उभी राहायचीस. मी विचारलं, काय बघतेस, तर म्हणालीस, 'काही नाही गं. घरात रिकामी जागा म्हणून तेवढीच आहे.'

खंडेनवमीचा दिवस मला अजून समोर दिसतो. तू पोलोग्राउंडच्या त्या शेडमध्ये शाळेचे युनिफॉर्म शिवायचीस. शेडमध्ये त्या दिवशी काम बंद. सकाळीच सगळ्या मशीन पुसून, तेल घालून तयार असतात. मास्टरजी नारळ घेऊन उभे असतात आणि तुला म्हणतात, 'बाईजी, पहले आपका हाथ.' तू ताटलीतल्या ओल्या कुंकवात बोट बुडवून प्रत्येक मशीनच्या मानेवर टिळा लावत जातेस, मी मागे अक्षता टाकत येते, आणि पेढ्याकडे लक्ष असल्यामुळे माझ्या अक्षता निम्म्या जमिनीवर पडतात. मग आपण घरी येतो. घरी मशीन, कात्री, माझी पुस्तकं, बाबांचं पेन, विळी. आणि शेवटी तू चित्रापाशी जातेस, वाकतेस, आणि खालच्या कोपऱ्यात अनामिकेने एक कुंकू टेकवतेस.

मी एकदा विचारलं, हत्यारांची पूजा असते ना, चित्राला कशाला? तू म्हणालीस, 'ज्याने काढलं त्याचं हत्यार आपल्याकडे थोडीच आहे? मग त्याच्या कामालाच लावायचं.' आणि मग चित्राच्या कोपऱ्यातला लाल चौकोनी ठसा मला दाखवलास. त्याच्याखाली आणखी एक होता, लांबट. 'हे बघ, माझ्या आधी पण कोणी लावलेलं आहे. त्यांच्याकडे कुंकू चौकोनी लावत असतील. कुणाच्या तरी घरातल्या बाईने लावलं, मग मी काय म्हणून सोडू?' तुझं म्हणणं बिनतोड होतं. मी कॉलेजात गेल्यावर मला समजलं की ते चित्रकाराचे शिक्के असतात, पण तुला सांगायचं माझ्या जिवावर आलं. सांगितलं असतं तरी तू थांबली नसतीस. त्या चौकोनांच्या खाली तुझी बोटं वर्षामागून वर्ष एकावर एक बसत गेली.

ते चित्र लोकांनी बघावं, ही तुझी हौस. हौस कसली, ध्यास होता. बाबा गेल्यानंतरच्या वर्षी तू ते जुन्या लुगड्यात गुंडाळलंस, मला बरोबर घेतलंस, आणि आपण टेम्पोत बसून म्युझियमला गेलो. टेम्पोवाला म्हणाला, 'माताजी, पाइप है क्या? ऊपर बाँध दूँ?' तू त्याच्याकडे असं बघितलंस की तो गप्प गाडी चालवायला लागला. म्युझियमच्या दारावर सांगितलं, साहेब नाहीत. आपण बाकावर बसून राहिलो. शेवटी एक बाबू आला, त्याने लुगडं न सोडताच विचारलं, 'बेचना है?' तू म्हणालीस, 'विकायचं नाही, देना है. यहाँ टाँगो, लोग देखेंगे.' त्याला ते काही झेपलं नाही. फुकट द्यायला आलेल्या माणसाचा कुणालाही संशयच येतो. नंतर या, म्हणाला. नंतरही आपण गेलो, आणि नंतरही साहेब नव्हते. परत येताना कृष्णपुऱ्याला होळकरांच्या छत्र्यांपाशी तू उसाचा रस पाजलास आणि म्हणालीस, 'जागा नसेल त्यांच्याकडे. माझ्यामागे कधी मागितलं तर दे हं. नाक नको मुरडू. इथे आपण दोघीच बघणार, आणि आपल्याला बघायला टाइम कुठे आहे?' मी हो म्हटलं. रसाच्या नादात हो म्हटलं असेन, पण म्हटलं.

वस्तूत जीव अडकवून ठेवणाऱ्यांतली तू नव्हतीसच. बाबांचे कपडे तू महिन्याच्या आत वाटून टाकलेस. त्यांचा करडा स्वेटर मी गादीखाली दडवला होता, तो तुला सापडला. मला वाटलं, तूही तो हातात घेऊन रडशील. तू तो झटकलास, घडी घातलीस, आणि म्हणालीस, 'माणूस स्वेटरमध्ये राहत नसतो. थंडी पडून राहिलीय आणि तू गादीला ऊब देते?' दुसऱ्या दिवशी तो शेडच्या चौकीदाराच्या अंगात होता. मी तुझ्याशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. तू मला समजवायला आली नाहीस, की ओरडली नाहीस. ताटात मात्र न मागता तूप जास्त पडायला लागलं.

आता इकडचं सांगते. यंदा आपल्या म्युझियममध्ये बाहेरून प्रदर्शन आलं. चिनी चित्रं आणि जपानी लोकांची चहा करायची भांडी. इंदूरमध्ये चहाच्या भांड्यांचं प्रदर्शन, म्हणजे लोक आधी विचारणार, चहा फुकट आहे का. पेपरात आलं की शहरातल्या घरांत अशा जुन्या वस्तू असतील तर दाखवायला आणा, निवडक वस्तूंसाठी एक कोपरा ठेवला आहे. मी सिमरोलला, नोकरी करते त्या कॅम्पसच्या लायब्ररीत, डब्याबरोबर तो पेपर वाचत होते, घास तसाच राहिला. तू मागितलं तर दे म्हणाली होतीस, आणि हे चक्क मागत होते. रविवारी मी चित्र तुझ्याच लुगड्यात गुंडाळलं आणि गेले. या वेळी साहेब होते. साहेब म्हणजे एक मॅडम, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी, केस कापलेले, बोलायला गोड. तिने लुगड्याची गाठ स्वतः सोडली. दोघींनी मिळून चित्र मोठ्या टेबलावर हळूहळू उलगडलं, आणि ती म्हणाली, 'अरे वाह.' आई, तेवढ्या दोन शब्दांसाठी तू दोनदा टेम्पोत बसली होतीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी चष्मा पुसल्याचं नाटक केलं.

चित्रकार कुणी नावाजलेला नाही, म्हणाली, पण हात सराईत आहे. लावू म्हणाली. मग तिचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. 'ये क्या गिरा है?' मी सांगितलं, गिरा नहीं है, कुंकू है, माँ हर साल लगाती थीं. ती हसली, चांगलं हसली, टिंगलीने नाही. मग तिने भिंग आणलं आणि बराच वेळ वाकून बघत राहिली. मला म्हणाली, 'आंटी, आइए, देखिए.' मी बघितलं. भिंगाखाली तुझ्या बोटाच्या रेषा होत्या. वरच्या थरात, शेवटच्या खंडेनवमीच्या, अगदी स्वच्छ, गोल फिरलेल्या. तू गेल्यावर मी मशीनला लावत आले, विळीला लावत आले, चित्राला मात्र कधी बोट लावलं नाही, धीरच झाला नाही. त्यामुळे सगळ्यात वर तूच राहिलीस. तुझा आवाज कुठे नाही, तुझं अक्षर म्हणजे दुधाच्या कॅलेंडरवरचे आकडे, फोटोत तू नेहमी कुणाच्या तरी मागे. आणि इथे, घरातल्या भिंतीवर, इतकी वर्षं तुझं बोट होतं आणि मी रोज समोरून केर काढत होते.

मी भिंगावरून उठायच्या आतच ती म्हणाली, 'बस, ये हमें हटाना पड़ेगा.' मी म्हटलं, ये? म्हणाली, 'जी, यही.' तिने नीट समजावून सांगितलं, घाई केली नाही. कुंकू कोरडं होऊन झडतं, कण उडतात, एकाच काचेच्या कपाटात दुसऱ्यांच्या वस्तू असणार, त्यांच्यावर बसले तर उत्तर कोण देणार. आणि झडणाऱ्या रंगासकट काही लावायचं नाही असा बाहेरच्यांचा नियमच आहे. दिल्लीहून माणूस येईल, कागदाला धक्का न लावता काढेल, खर्च त्यांचा. आधी मोठा फोटो काढून ठेवू, खालच्या पाटीवर लिहूही, की या घरात या चित्राची पूजा व्हायची. वेगळं कपाट मिळेल का, मी विचारलं. नाही म्हणाली, आणि ते खरंच नसावं, कारण तिची टेबलं खोक्यांखाली बुडालेली होती. मी म्हटलं, चित्र इथेच राहू दे, विचार करून सांगते. ती म्हणाली, 'शनिवार तक बता दीजिएगा.'

जाता जाता तिने मला आतल्या दालनात नेलं. चिनी चित्रं लागत होती. लांब काठीच्या टोकाला खोबण असते, त्यात दोरी अडकवून चित्र वरच्या खिळ्याला चढवतात, आणि मग एक जण ते वरून खाली उलगडत आणतो. कुणी एकमेकांशी बोलत नव्हतं, देवघरात बोलत नाहीत तसं. ही चित्रं काही आठवडेच टांगतात, म्हणाली, मग गुंडाळून उजेडापासून विश्रांती देतात. तुझ्या चित्राला तू कधी सुट्टी दिली नाहीस. तुला तरी कोणी दिली होती. मग मला दिसले ते लाल शिक्के. एकेका चित्रावर कितीतरी, कोपऱ्यात, कडेला, चक्क आभाळात. मी म्हटलं, एवढे चित्रकार? ती म्हणाली, 'नहीं नहीं, चित्रकार का एक-दो। बाकी उनके, जिनके पास चित्र रहा। जिसे पसंद आया, उसने अपनी मुहर लगा दी। इसे बिगाड़ना नहीं मानते, इससे तो चित्र की इज़्ज़त बढ़ती है।' मी खुळ्यासारखी उभी राहिले. तू चौकोनी कुंकू म्हणत होतीस आणि मी मनात हसत होते. आपल्या चित्रावरचा तो दुसरा, लांबट ठसा चित्रकाराचा नसेलच कदाचित. ज्याच्या घरात ते होतं, ज्याला ते आवडलं, त्याचा असेल. म्हणजे तू म्हणत होतीस तेच. मी तिला विचारलं, मग माझ्या आईचं काय चुकलं? बिचारी ओशाळली. म्हणाली, 'बात आपकी ठीक है, आंटी। पर मुहर का लाल रंग तेल में घुटा होता है, बैठ जाता है। ये झड़ रहा है।' झडत तर होतंच.

शुक्रवारी वस्तू देणाऱ्यांसाठी चहाचा कार्यक्रम ठेवला होता. जपानला राहून शिकून आलेल्या पुण्याच्या एक बाई तो चहा करणार होत्या. चटईवर बसायचं, आणि माझे गुडघे तुला माहीतच आहेत. त्या इतक्या सावकाश सगळं करत होत्या, की आपल्याकडे तेवढ्या वेळात दोन वेळचा चहा होऊन कपबशा विसळून झाल्या असत्या. डबी पुसली, चमचा पुसला, बांबूचा घुसळणा भिजवला, आणि हिरवी पूड घुसळून फेस आणला. वाडगा समोर आला की त्याची चांगली बाजू आपल्याकडे असते, आपण तो जरा फिरवून घ्यायचा, चांगल्या बाजूला ओठ लावायचा नाही. चव पालकाच्या पाण्यासारखी. तू असतीस तर हळूच म्हणाली असतीस, 'साखर टाकायची विसरली वाटतं बाई.' पिऊन झाल्यावर वाडगा हातात घेऊन बघायचा, पण खाली वाकून, कोपरं मांडीला टेकवून, निसटला तरी फुटू नये म्हणून. मी बघितलं तर आत सगळ्या बारीक भेगा, आणि भेगांतून चहाचे तपकिरी डाग. आपल्याकडे मुलगी बघायला आलेल्यांसमोर असा कप ठेवला तर ते पोहे न खाताच उठतील. मी माझ्या इंदोरी मराठीत विचारलं, 'हे डाग जात नाहीत का हो?' त्यांची मराठी अगदी इस्त्री केलेली. म्हणाल्या, 'घालवायचेच नसतात. वाडगा नवा असताना पांढुरका होता. ज्यांनी ज्यांनी यातून चहा प्यायला, त्यांचा चहा त्यात मुरत गेला. आता हा रंग हीच त्याची किंमत.'

मी मॅडमकडे बघितलं. ती खाली चटईकडे बघत होती. तिला वाटलं असणार, आता ही म्हातारी सगळ्यांसमोर वाद घालणार. मी घातला नाही. त्या पोरीचा काय दोष, नियम तिने केलेले नव्हते. पण मला फार राग आला, आई, कुणाचा ते माहीत नाही. एका दालनात शिक्क्यांचं कौतुक, दुसऱ्यात डागांचं कौतुक, आणि माझ्या आईचं बोट तेवढं केरात.

घरी आल्यावर तुझ्या नातीला सगळं सांगितलं. तू गेलीस तेव्हा ती रांगत होती. तिची मराठी ऐकलीस तर कपाळाला हात लावशील. म्हणाली, 'आई, तू भी ना! फोटो तर घेऊन राहिलेत ना ते? मग प्रॉब्लेम काय आहे? आजीला काय पाहिजे होतं, तूच सांगते नेहमी, की लोगांनी बघावं. आता चान्स आला तर तूच अड़ंगा लावते.' मी म्हटलं, फोटो म्हणजे बोट नव्हे. ती म्हणाली, 'आणि भिंतीवर टांगलेलं चित्र म्हणजे आजी आहे का?' ही पोर तुझ्यावर गेली आहे, दुसरं काय. मी उठून कुकर लावला. नंतर तीच स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, 'जाऊ दे. तुझी आई आहे, तू बघ.'

शनिवारी मी मॅडमना नाही म्हणून सांगितलं. तिने मन वळवायचा प्रयत्न केला नाही. चित्र स्वतः गुंडाळलं, मधे मऊ कागद घातला, म्हणजे कुंकू कुठे लागणार नाही, आणि वर तुझं लुगडं बांधलं. दारापर्यंत आली आणि म्हणाली, इसे दीवार पर मत रखिए अब, कागज़ बहुत थक गया है. म्हणून मी ते आता कपाटात आडवं ठेवलं आहे. म्हणजे बघ कसं झालं. म्युझियममधले लोक तर राहिलेच, आता आम्हीही बघत नाही. भिंतीवर त्याच्या जागेचा फिकट पट्टा राहिला आहे, आणि मी जेवताना त्या पट्ट्याकडे तोंड करून बसत नाही.

प्रदर्शन सुरू झाल्यावर मी तिकीट काढून गेले. गर्दी होती. घरगुती वस्तूंच्या कोपऱ्यात, जिथे आपलं लागायचं होतं, तिथे कुणाच्या तरी घरचा ड्रॅगनवाला टी-सेट ठेवला होता, सोनेरी आणि चकाचक. दोन पोरं त्याच्यापुढे उभी. एक म्हणाला, 'भिया, ऐसा तो अपनी नानी के यहाँ भी है, उसमें अचार रखा है.' त्यांच्या पलीकडे एक बाई होती, साधी, खांद्याला कापडी पिशवी, कुठल्या तरी दुकानातून किंवा शेडमधून काम सुटल्यावर आलेली असावी. ती चिनी चित्रांच्या दालनात एका चित्रासमोर उभी राहिली ती हलेचना. तिच्या पोरीने हात ओढला, तरी हलली नाही. वर कोऱ्या जागेकडेच बघत होती. मी तिच्या मागे उभी राहिले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई आपल्या चित्रासमोर उभी राहिली असती. अशा कितीतरी राहिल्या असत्या. तुला पैसा नको होता, नाव नको होतं, पाटीवर कुणाचं नाव असतं हेही तुला माहीत नव्हतं. शेडमधून सुटलेल्या एका बाईने घटकाभर तिथे उभं राहावं, एवढंच तुला हवं होतं, आणि एवढी वर्षं थांबून ते हाताशी आलं असताना मी ते घालवलं. पुन्हा असं प्रदर्शन इंदूरला येईल तेव्हा मी नसेन बहुधा. मुलगी देईल, तिला दे म्हणून मी सांगितलं आहे. पण तिच्या हातून जाईल तेव्हा तिथे कुंकू नसेल, हेही मला पक्कं ठाऊक आहे. ती त्या बोटाचं काही देणं लागत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं याचा मी विचारच केलेला नाही. तुझ्या नातीने विचारलं, एवढं काय लिहून राहिली आहेस, तर मी म्हटलं, ऑफिसचं आहे. ती समजायचं ते समजली आणि चहा ठेवायला गेली. मी ते कुणाला दाखवणार नाही, जाळणारही नाही, असल्या नाटकांचा तुला कंटाळा. फक्त एक राहिलं, ते सांगते आणि उठते.

शनिवारी मॅडमनी मला विचारलं होतं, 'कोई ख़ास वजह, आंटी?' मी मान ताठ करून म्हटलं, 'माँ को अच्छा नहीं लगता।' त्यावर ती बिचारी चित्र गुंडाळायला लागली. मेलेल्या आईपुढे कोण काय बोलणार. पण तुला वाईट वाटलं नसतंच. तू म्हणाली असतीस, 'अगं, धुऊन टाक आणि लाव ना लवकर, लोक थांबलेत.' हे मला तेव्हाही माहीत होतं. नाव तुझं सांगितलं, आई. अच्छा मला नव्हतं वाटलं.